सोलचे राष्ट्रीय संग्रहालय परक्या माणसाने कसे पाहावे?

कोरांटी

नमस्कार. या शरद ऋतूत मी सासूबाईंना घेऊन आठ दिवसांसाठी दक्षिण कोरियाला जाणार आहे. त्यांपैकी चार दिवस आम्ही सोलमध्ये असू. सासूबाईंचे वय ७१ आहे. त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका असल्यामुळे राजवाडे आणि बाजारपेठा यांच्यापेक्षा तिथले राष्ट्रीय संग्रहालय पाहण्याची त्यांना अधिक ओढ आहे, आणि त्यासाठी मी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ उभे राहता येत नाही.

माझी अडचण थोडी वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी दुसऱ्या एका देशाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात गेलो होतो. तीन तास चाललो, असंख्य मडकी, तलवारी आणि मुद्रा पाहिल्या, प्रत्येक फलक इमानेइतबारे वाचला आणि बाहेर आलो तेव्हा पायांच्या दुखण्याखेरीज पदरात काहीच पडले नव्हते. राजवंशांची नावे फलकांवरून उतरून डोक्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. तो देश आपल्याच लोकांशी बोलत होता आणि आम्ही शेजारच्या बाकावर बसून ते संभाषण चोरून ऐकत होतो, असे मला वाटत राहिले. सासूबाई तर स्पष्टच म्हणाल्या की, पाठ्यपुस्तक उभे करून भिंतीला लावले आहे.

म्हणून विचारते की, कोरियाच्या इतिहासाची फारशी माहिती नसलेल्या माणसाने या संग्रहालयात शिरताना हाताशी नेमके काय धरावे? आधी किती वाचून जावे? आणि राष्ट्रीय संग्रहालय म्हटले की त्यात राष्ट्राचा अभिमान असणारच. तेव्हा पुरावा कुठे संपतो आणि अभिमान कुठे सुरू होतो, हे परक्या माणसाने कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना वाटसरू

कोरांटीताई, नोकरीनिमित्त मी साडेतीन वर्षे सोलमध्ये होतो आणि या संग्रहालयात निदान पंधरा वेळा तरी गेलो असेन, कारण कायमस्वरूपी दालनांना प्रवेशमूल्य नव्हते आणि हिवाळ्यात शहरात इतके उबदार दुसरे ठिकाण मला ठाऊक नव्हते. पहिल्या भेटीत मी आपल्यासारखीच चूक केली. तळमजल्यावर अश्मयुगापासून क्रमाने सुरुवात केली, चार तासांनी जोसन राजवटीपर्यंत पोहोचलो आणि वरचे दोन मजले पाहायचे राहूनच गेले. कालक्रमाने पाहणे हा मार्ग तिथल्या शाळकरी मुलांसाठी योग्य आहे, कारण त्यांच्या मनात सांगाडा आधीच उभा असतो. आपल्याकडे तो नसतो.

माझा सल्ला असा की, राजवंशांचा नाद सोडावा आणि मोजक्या वस्तू निवडून त्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: तू इथपर्यंत कशी आलीस? या संग्रहालयात हा प्रश्न जेवढे उत्तर देतो तेवढे कोणताही फलक देत नाही, कारण कोरियातील वस्तूंनी गेल्या दीडशे वर्षांत फार प्रवास केला आहे.

सुरुवात मुख्य मार्गिकेच्या टोकाला उभ्या असलेल्या ग्योंगचोनसा मंदिराच्या दहा मजली पॅगोडापासून करावी. तो संगमरवरी आहे, १३.५ मीटर उंच आहे आणि १३४८ साली, म्हणजे गोर्यो राजवटीत, आज उत्तर कोरियात असलेल्या केसोंग शहराजवळ उभारला गेला. १९०७ साली कोरियाच्या युवराजाच्या विवाहासाठी जपानचे राजगृहमंत्री तानाका मित्सुआकी सोलला आले होते. त्यांनी सशस्त्र माणसे पाठवून हा पॅगोडा सुटा करवला आणि जपानला नेला. बेथेल हा इंग्रज पत्रकार आणि हलबर्ट हा अमेरिकी शिक्षक यांनी त्याविरुद्ध इतके लिहिले की गोष्ट जगभर पोहोचली, आणि दहा-बारा वर्षांनी त्याचे दगड परत आले. ते परत आले खरे, पण पुष्कळ काळ राजवाड्याच्या आवारात तसेच पडून राहिले. १९६० साली त्यांची पुन्हा उभारणी झाली. पुढे आम्लपावसाने संगमरवर झिजू लागल्यामुळे १९९५ साली तो पुन्हा उतरवण्यात आला, दहा वर्षे दुरुस्ती चालली आणि २००५ साली नव्या इमारतीत, छपराखाली, तो तिसऱ्यांदा उभा राहिला. दगडांच्या सांध्यांकडे लक्षपूर्वक पाहावे. जुना पिवळसर दगड आणि दुरुस्तीचा नवा पांढरा तुकडा यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतो.

त्याच पॅगोडाच्या चबुतऱ्यावर सासूबाईंसाठी एक गंमत आहे. तिथे कोरलेल्या पट्ट्यांमध्ये धर्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेला ह्युएन त्संग आणि त्याचा वानर सोबती यांच्या कथेतील प्रसंग आहेत. चिनी लोककथेतील प्रवासी कोरियाच्या दगडावर भारताच्या दिशेने चालला आहे. फलकावर त्याचा उल्लेख ओझरता असतो, त्यामुळे आपणच शोधावे.

दुसरे ठिकाण दुसऱ्या मजल्यावरील चिंतनाचे दालन. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडले. एका अंधाऱ्या मार्गिकेतून आत गेल्यावर एकही काच मध्ये न येता दोन सोनेरी मुलाम्याच्या कांस्यमूर्ती समोर येतात. एक सहाव्या शतकाच्या अखेरीची आणि दुसरी सातव्या शतकाच्या आरंभीची आहे. दोन्ही बोधिसत्त्व उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टेकवून, उजव्या हाताची बोटे गालाशी नेऊन विचारात बसलेले आहेत. मूर्ती मोठ्या नाहीत, जेमतेम दोन हात उंचीच्या आहेत. पण त्यांच्या मागे जाता येते, आणि उजव्या पायाचे बोट किंचित वर उचललेले आहे हे बाजूने पाहिल्यावरच कळते. त्या दालनात लेखी मजकूर जवळजवळ नाहीच. परक्या माणसाला फलकांचा आधार लागतो असे आपण समजतो, पण आधार काढून घेतलेल्या या एका खोलीत कोरियन प्रेक्षक आणि आपण अगदी एका पातळीवर येतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे सिल्ला राज्याचा सुवर्णमुकुट. तो ग्योंगजू येथील ह्वांगनामदेचोंग या जोडटेकडीवजा थडग्याच्या उत्तरेकडील भागात, १९७० च्या दशकातील उत्खननात मिळाला. झाडाच्या फांद्यांसारखे उभे पत्रे आणि त्यांना लटकवलेले स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे जेड खडे पाहून तो राजाचाच असेल असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच थडग्यात कमरपट्ट्याचा एक चांदीचा तुकडा सापडला आणि त्यावर ‘राणीसाहेबांचा पट्टा’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. तेव्हा मुकुट एका स्त्रीच्या थडग्यातला ठरला. (हा मुकुट अधूनमधून बाहेरच्या प्रदर्शनांसाठी पाठवला जातो, दिसला नाही तर निराश होऊ नये.)

चौथी गोष्ट उइग्वे, म्हणजे जोसन दरबारातील विवाह, अंत्ययात्रा आणि मेजवान्या यांची सचित्र दप्तरे. कोणता सेवक मिरवणुकीत कुठे चालेल इथपर्यंतचा तपशील त्यांत रंगवलेला आहे. १८६६ साली फ्रेंच आरमाराने गांगह्वा बेटावरील राजग्रंथालय लुटले आणि ही दप्तरे पॅरिसला नेली. तिथे ती चिनी पुस्तके म्हणून नोंदली गेली होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सोन या कोरियन विदुषीने १९७५ साली ती हुडकून काढली, आणि २०११ साली २९७ खंड सोलला आले. मात्र ते कोरियाच्या मालकीचे झालेले नाहीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायच्या कराराने ते ‘उसने’ आलेले आहेत. आपल्याच राजाच्या लग्नाची वही उसनी आणून काचेत ठेवणे म्हणजे काय, याचा विचार त्या पेटीसमोर उभे राहिल्यावर मनात येतोच.

आधी किती वाचावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चार नावे पुरेत: तीन राज्यांचा काळ (गोगुर्यो, बेकजे, सिल्ला), मग एकत्रित सिल्ला, मग ९१८ पासूनचे गोर्यो आणि १३९२ पासूनचे जोसन. १९१० ते १९४५ जपानी अंमल. एवढे एका कागदावर लिहून खिशात ठेवावे. त्याहून अधिक वाचून गेल्यास माणूस वस्तू पाहत नाही, आपले वाचन तपासत बसतो.

मोडी

वरील प्रतिसाद उत्तम आहे आणि त्यातील वस्तूंची निवडही मला मान्य आहे; परंतु कोरांटीताईंचा तिसरा प्रश्न त्यात बाजूला राहिला असे वाटते. वस्तूंचा प्रवास पाहावा हे ठीक, पण जी वस्तू मांडलेलीच नाही आणि जी गोष्ट सांगितलेलीच नाही, तिचा प्रवास कसा पाहणार? मी इतिहास संशोधनाच्या क्षेत्रात काम करतो आणि सोलला दोन वेळा गेलो आहे, तेवढ्या अधिकाराने थोडे लिहितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सोलच्या योंगसान भागातील हे संग्रहालय प्रामुख्याने पुरातत्त्व आणि कला यांचे आहे. तिथली कथा साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबते. कोरियन लोकांना आज ज्या गोष्टींवरून भांडावेसे वाटते त्या बहुतेक त्यानंतरच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी ग्वांगह्वामुन चौकालगत समकालीन इतिहासाचे वेगळे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. जपानी अंमल, फाळणी, युद्ध, १९६० चे विद्यार्थी आंदोलन, १९८० मधील ग्वांगजू येथील दडपशाही, १९८७ चा लोकशाहीचा लढा आणि या सर्वांच्या बरोबरीने झालेली औद्योगिक भरभराट हा त्याचा विषय. ते उभे राहत असतानाच, भरभराटीला किती जागा द्यावी आणि दडपशाहीला किती, यावरून तिथल्या इतिहासकारांत तीव्र वाद झाले. परक्या माणसाने तिथे जाऊन भिंतींची लांबी मोजावी, असे मी गमतीने म्हणत असतो. कोणत्या दशकाला किती पावले मिळाली हे पाहिले की, फलक न वाचताही बरेच कळते.

दुसरे, ज्या इमारतीत संग्रहालय असते ती इमारतही बोलते. डिसेंबर १९४५ मध्ये जपानी अंमलातून सुटलेल्या कोरियाचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले तेव्हा त्याच्या हाती जो संग्रह आला त्याचा मोठा भाग जपानी गव्हर्नर-जनरलच्या संग्रहालयाचा होता. कोरियाच्या युद्धात वस्तू बुसानला हलवाव्या लागल्या. पुढे एका राजवाड्यातून दुसऱ्या राजवाड्यात बिऱ्हाडे बदलत बदलत १९८६ साली ते चक्क जपानी गव्हर्नर-जनरलच्या १९२६ सालच्या जुन्या कचेरीतच जाऊन बसले. ती प्रचंड दगडी इमारत ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या दर्शनी भागात, सिंहासनगृह झाकले जाईल अशा बेताने बांधलेली होती. राष्ट्राचा ठेवा अशा वास्तूत ठेवावा काय, यावर अनेक वर्षे खल झाला. इमारत राखावी असे म्हणणारेही बरेच होते. अखेर १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, तिच्या घुमटाचा कळस उतरवून पाडकामाला सुरुवात झाली. तो कळस आज चोनान येथील स्वातंत्र्य भवनाच्या आवारात आहे आणि पाहणाऱ्याची नजर वरून खाली जावी म्हणून तो मुद्दाम खड्ड्यात मांडला आहे. एखाद्या देशाला आपल्या इतिहासाबद्दल काय वाटते ते सांगणारे इतके स्पष्ट मांडणीचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. योंगसानची सध्याची जागाही साधी नाही: आधी जपानी लष्कराचा तळ, मग अमेरिकी लष्कराचा तळ, त्यातले गोल्फचे मैदान परत मिळाले आणि तिथे ऑक्टोबर २००५ मध्ये हे संग्रहालय आले. पायऱ्यांवरून दोन भागांच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून नामसान टेकडी दिसते, तिचे सगळेच छायाचित्र काढतात. पायाखालच्या जमिनीकडे फारसे कोणी पाहत नाही.

आता पुरावा आणि अभिमान यांविषयी. गोगुर्यो आणि बालहे या दोन प्राचीन राज्यांच्या दालनांत थोडे थांबावे. त्यांचा बराचसा प्रदेश आज चीनमध्ये आहे, आणि ती राज्ये कोणाच्या इतिहासातली, हा दोन्ही देशांतला जिवंत वाद आहे. २०२२ साली बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात चीन, कोरिया आणि जपान यांच्या प्राचीन कांस्यवस्तूंचे संयुक्त प्रदर्शन भरले होते. सोलच्या संग्रहालयाने पाठवलेल्या कालपटातून ही दोन्ही राज्ये तिथे गाळली गेली. कोरियाने निषेध केला आणि शेवटी तो कालपटच काढून टाकण्यात आला. म्हणजे दोन राष्ट्रीय संग्रहालये एका तक्त्यावरून भांडली. म्हणून नकाशा दिसला की सीमारेषा कुठून कुठे काढली आहे ते पाहावे आणि ‘आमचे’ हा शब्द कोणत्या काळापासून वापरला आहे ते टिपावे. फलकांवरील इंग्रजी मजकूर बहुधा कोरियन मजकुराहून आखूड असतो. भ्रमणध्वनीवरील भाषांतराची सोय वापरून कोरियन मजकूरही एखाददुसऱ्या ठिकाणी ताडून पाहिल्यास परक्यांना काय सांगण्याचे टाळले आहे, याचा अंदाज येतो. प्रत्येक फलकाला हे करू नये. दिवस संपून जाईल.

कोरांटी

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंनी दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून घेतले आणि चार नावांचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहूनही ठेवला. खड्ड्यातल्या कळसावर त्यांचे मत असे पडले की, पाडलेली गोष्ट जपून ठेवणाऱ्याला ती पुरती पाडायची नव्हती. त्यावर मला काही सुचले नाही.

एक शंका आहे. भारताशी असलेला संबंध शोधत फिरणे योग्य की अयोग्य? परदेशी संग्रहालयात जाऊन आपलीच पाऊलखूण हुडकत बसणे मला जरा संकोचाचे वाटते, पण ह्युएन त्संगाचे नाव निघाल्यापासून सासूबाईंचा उत्साह दुणावला आहे. शिवाय बसण्याची सोय आणि अंतर यांविषयी कोणी लिहिले तर उपकार होतील.

आडवाट

सोयींविषयी मी लिहितो, कारण गेल्या वर्षी मी वडिलांना घेऊन गेलो होतो.

इचोन हे भुयारी रेल्वेचे स्थानक जवळचे आहे आणि तिथून संग्रहालयाच्या आवारापर्यंत छत असलेला भुयारी मार्ग जातो. त्यापुढे तळ्याच्या कडेने थोडे चालावे लागते. प्रवेशद्वारापर्यंत टॅक्सी करणे गुडघ्यांना अधिक मानवेल. रस्ता शोधायला नेहमीच्या नकाशापेक्षा नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा नकाशा घेतलेला बरा. आत लिफ्ट आहेत, चाकाची खुर्ची मागून मिळते आणि मुख्य मार्गिकेत बाके आहेत, पण दालनांच्या आत ती कमी आहेत. म्हणून एक दालन, मग मार्गिकेत विश्रांती, असा क्रम ठेवावा. छायाचित्रे काढू देतात, फ्लॅश आणि तिपाई चालत नाही. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडे असायचे. संध्याकाळी सहानंतर शाळांच्या सहली नसतात आणि चिंतनाच्या दालनात अक्षरशः चारच माणसे असतात. चुसोक आणि नववर्ष या सणांच्या दिवशी मात्र बंद असते, आणि वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावे.

भारताच्या संबंधाबाबत संकोच कशाला? योंगसानमध्येच युद्धस्मारक आहे. कोरियाच्या युद्धात भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही, परंतु ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये तिथे पोहोचली. वैद्यकीय मदत देणाऱ्या देशांत भारताची नोंद तिथे आहे. युद्धविरामानंतर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जे भारतीय दल गेले त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात होते. अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केल्यामुळे त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले होते. सासूबाईंना ही हकीकत माहीत असेलच. स्मारक सोमवारी बंद असते, हे कृपया लक्षात ठेवावे.

जुना वाटसरू

आपलीच पाऊलखूण शोधण्याबद्दल: ती शोधावी, फक्त तिथेच थांबू नये. मलाही प्रथम असेच दुवे सापडले. बेकजे राज्यात ३८४ साली बौद्ध धर्म घेऊन आलेला मरानंत हा भिक्षू परंपरेने भारतीय मानला जातो, आणि आठव्या शतकात सिल्लाचा हेचो हा भिक्षू भारतभर फिरून गेला. त्याच्या प्रवासवर्णनाची तुटक प्रत १९०८ साली चीनमधील दुनह्वांगच्या गुहेत मिळाली आणि तीही पॅरिसला गेली. अश्मयुगाच्या दालनातील जोंगोक-री येथील हातकुऱ्हाडही या दृष्टीने मोठी मौजेची आहे. मोव्हियस या अमेरिकी संशोधकाने असा सिद्धान्त मांडला होता की, दोन्ही बाजूंनी घडवलेल्या हातकुऱ्हाडी आफ्रिका, युरोप आणि भारतापर्यंतच आढळतात, पूर्व आशियात नाहीत. १९७८ साली तिथल्या तळावरच्या एका अमेरिकी सैनिकाला नदीकाठी फिरताना असे दगड दिसले आणि त्या सिद्धान्ताला तडा गेला. तो दगड हाताच्या तळव्याएवढा आहे आणि पहिल्याच दालनात, गर्दी ज्याच्यावरून पुढे निघून जाते अशा जागी, मांडलेला असतो.

मोडी यांच्या मुद्द्यात माझी एक भर. तिसऱ्या मजल्यावर मध्य आशियाचे दालन आहे. तिथे आजच्या चीनच्या वायव्य भागातील बेझेक्लिक वगैरे गुहांमधील भित्तिचित्रांचे तुकडे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ओतानी या जपानी धर्मगुरूच्या मोहिमांनी ते भिंतींवरून कापून आणले, एका जपानी उद्योगपतीच्या हातून ते १९१६ साली गव्हर्नर-जनरलच्या संग्रहालयाला मिळाले आणि १९४५ साली जपानी परत गेले तेव्हा चित्रे सोलमध्येच राहिली. ज्या संग्रहालयात पॅरिसहून परतलेल्या दप्तरांची कहाणी इतक्या जिव्हाळ्याने सांगितली जाते त्याच छपराखाली ही चित्रेही आहेत. तळमजल्यावर ‘तू इथपर्यंत कशी आलीस’ हा प्रश्न विचारणाऱ्याने तो तिसऱ्या मजल्यावरही विचारावा. आम्ही मित्र यावर तासन्‌तास वाद घालत असू. माझा एक कोरियन सहकारी म्हणायचा की, आम्ही चोरी केली नाही, चोराने आमच्या घरी टाकून दिलेले सांभाळले. दुसरा त्यावर हसायचा.

मोडी

वाटसरू, हे दालन माझ्याकडून निसटले होते. पुढच्या खेपेस पाहीन. कोरांटीताई, परत आल्यावर लिहायला विसरू नये.

कोरांटी

आम्ही परवा परतलो, तेव्हा लिहिल्याप्रमाणे वृत्तान्त देते.

बुधवारी दुपारी तीन वाजता आत गेलो आणि रात्री साडेआठला बाहेर आलो. या वेळात एकूण सहा ठिकाणी थांबलो. चाकाची खुर्ची घेतली होती, पण सासूबाईंनी तिचा उपयोग पर्स आणि कोट ठेवण्यासाठी केला. उइग्वेच्या दालनात त्या सर्वांत अधिक रमल्या. एका अंत्ययात्रेच्या चित्रात माणसांच्या रांगाच रांगा आहेत, आणि शिक्षिकेच्या सवयीने त्या ओळी मोजू लागल्या. मोजदाद अर्ध्यात सोडावी लागली. मध्य आशियाच्या दालनात आम्ही दोघीच होतो. बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याचा एक तुकडा होता, त्याच्या कडा पाहिल्यावर भिंतीतून करवतीने काढल्याचे स्पष्ट कळत होते. फलकावर मोहिमेचे नाव होते. मोडी यांच्या सांगण्यानुसार मी भ्रमणध्वनीने कोरियन मजकूर ताडून पाहिला. तो खरोखरच लांब होता, पण भाषांतर इतके विनोदी झाले की त्यावरून काही निष्कर्ष काढण्याचे धाडस मला झाले नाही.

पॅगोडापाशी मात्र एक प्रसंग घडला. चबुतऱ्यावरचा वानर आम्हाला काही केल्या सापडेना. तेवढ्यात दहा-बारा वर्षांच्या मुलांचा एक घोळका घेऊन त्यांच्या बाई आल्या आणि बोट दाखवून नेमके तेच समजावू लागल्या. भाषा कळत नसतानाही सासूबाई त्या घोळक्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बाईंचे लक्ष गेल्यावर त्यांनी थांबून खुणेनेच विचारले. सासूबाई दगडातल्या भिक्षूकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्युएन त्संग.” त्या बाई क्षणभर विचारात पडल्या, मग हसून म्हणाल्या, “ह्यॉनजांग.” मुलांनी तो शब्द एका सुरात पुन्हा म्हटला. सासूबाईंनी त्यांना आपला शब्द दोनदा म्हणून दाखवला आणि उच्चार सुधारूनही घेतला. वानर त्याच पट्टीत, जरा डावीकडे होता.

समकालीन इतिहासाच्या संग्रहालयात दुसऱ्या दिवशी गेलो आणि भिंतींची लांबी पावलांनी मोजण्याचा प्रयत्नही केला, पण दालनाला वळणे इतकी आहेत की आमचा हिशेब जुळला नाही. गच्चीवरून ग्योंगबोकगुंग राजवाडा सलग दिसतो; जिथे ती दगडी कचेरी होती तिथे आता मोकळे पटांगण आणि दरवाजा आहे, हे सासूबाईंनी मला दाखवून दिले.

युद्धस्मारक राहिले. मी ते शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते आणि तो दिवस सोमवार निघाला. आडवाट यांनी स्पष्ट लिहिले असतानाही माझ्या ध्यानात राहिले नाही. दारापाशी पोहोचल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त चार नावांचा तो कागद काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ‘थोरात’ एवढेच लिहिले आणि कागद घडी घालून पुन्हा पर्समध्ये ठेवला.